बारावं नाव कुठं गेलं?

विदर्भात खाजगी गुप्तहेर किती आहेत, असं मला लोक विचारतात. म्हणजे विचारत नाहीत, पण विचारलं तर उत्तर तयार आहे: दोन. त्यातला दुसरा अमरावतीला होता आणि त्याने गेल्या वर्षी पिठाची गिरणी टाकली. तेव्हा आता मी, रुपराव बोकडे, मुक्काम टिमकी, नागपूर, एवढाच उरतो. एवढ्या मोठ्या मुलखाचा भार एकाच डोक्यावर असल्यामुळे माझे केस लवकर गेले, असं माझं निदान आहे. माझी बायको सुभद्रा म्हणते की माझ्या वडिलांचेही असेच गेले होते. पण वडिलांवर कसला भार होता, हे तिला अजून सांगता आलेलं नाही.

पोटासाठी मी जकात नाक्यावर कारकून आहे. गाडीवरच्या पोत्याकडे नुसतं बघून आत सरकी आहे की साखर, हे मी अठरा वर्षं सांगत आलो. आजवर दोनदाच चुकलो. एकदा कांदे निघाले, आणि एकदा मी ज्याला पोतं समजत होतो तो घोंगडी पांघरून झोपलेला गाडीवान निघाला. दोन्ही वेळा वरिष्ठांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेतूनच मला गुप्तहेर होण्याची प्रेरणा मिळाली.

दारावर माझी पाटी आहे: ‘रुपराव बोकडे, खाजगी गुप्तहेर. गुप्तता पाळली जाईल.’ सुभद्रेने त्याखाली खडूने ‘पापड लाटून मिळतील’ असं लिहिलं आहे. पाटी वाचून बरीच माणसं आत येतात. ती पापड घेऊन जातात.

म्हणून एकोणऐंशी सालच्या होळीनंतर एके सकाळी शोभाताई पराते आल्या, तेव्हा मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

“पापड नको, भाऊ. तुमच्याकडेच काम हाय,” त्या म्हणाल्या. “मायं नाव गेलं.”

मी वही उघडली. “शेवटचं कुठं पाहिलं होतं?”

“पाहिलं नाही. ऐकलं होतं. रेडिओवर.”

इथे मला टिमकीची त्या काळची परिस्थिती सांगायला हवी. दर बुधवारी संध्याकाळी रेडिओवर फर्माइशी गाणी लागत, आणि गाण्याआधी ती कोणी कोणी मागितली त्यांची नावं वाचली जात. गाणं कोणतं लागलं हे आमच्या मोहल्ल्यात कोणालाच आठवत नसे. नावं मात्र क्रमाने पाठ असत. गुरुवारी सकाळी नळावर भेटणाऱ्या प्रत्येकाने “ऐकलं बरं का तुमचं नाव” असं म्हणायचं, ही रीत होती. जो म्हणणार नाही तो मनातून जळतो, असं धरलं जाई. “सेल संपले होते गा” ही सबब एकदाच चाले. एका घरात धाकट्या भावाचं नाव थोरल्याच्या आधी वाचलं गेलं, तर चुली वेगळ्या झाल्या. दुसऱ्या घरातल्या बाळाचं नाव बारशाच्या आधीच रेडिओवर आलं, म्हणून आत्या पाळण्यापाशी यायलाच तयार होईना. तिने निवडलेलं नाव वेगळं होतं. आणि एक जावई, सासरच्या यादीत आपण नाही हे ऐकून, ताटावरून उठून गेला. त्याच्या ताटात तेव्हा पुरणपोळी होती. यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं.

आमच्या मोहल्ल्याची नावं ‘नवचैतन्य रेडिओ श्रोता संघ’ पाठवत असे. बारा सभासद. दर शनिवारी संघाचे अध्यक्ष एका पोस्टकार्डावर बारा नावं लिहून टपालात टाकत. त्यातलं अकरावं नाव रुख्मिणी धकाते आणि बारावं शोभा पराते. चार वर्षं यादी “आणि शोभा पराते” अशी संपत होती.

“तीन बुधवार झाले,” शोभाताई म्हणाल्या. “तो माणूस रुख्मिणीपाशीच थांबून राहिला. नळावर बायका माझ्याकडे अशा पाहतात, जशी मी सुतकात हावो.”

“कोणावर संशय?”

“दुसरं कोण राहते? रुख्मिणीवर. मी गेली का तिचं नाव शेवटचं. शेवटचं नाव लोकायच्या ध्यानात राहते.”

रुख्मिणीबाई त्यांच्या शेजारीण. दोन्ही घरं हातमागाची, मधली भिंत एकच, आणि स्वयंपाकघरांमधल्या त्या भिंतीत एक झरोका. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी तिथे आल्या, तेव्हापासून त्या झरोक्यातून भाजीच्या वाट्या, विस्तव आणि सासवांविषयीची माहिती यांची ये-जा होती. दुसऱ्या बुधवारी शोभाताईंनी झरोक्याला पाट लावला होता. पाटाला खिळेही मारले होते.

“मले फक्त एवढं शोधून द्या का नाव कोणं कापलं,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. गुप्तहेराने अशिलाच्या अश्रूंकडे लक्ष द्यायचं नसतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीत सुभद्रा उभी होती.

“तुमी काही शोधू नका,” ती मला म्हणाली. “संघाच्या अध्यक्षाले जाऊन विचारा. पाच मिनिटाचं काम हाय.”

सरळ जाऊन विचारणं ही तपासाची सर्वांत प्राथमिक पायरी. मी ती मुद्दाम गाळतो.

मी रुख्मिणीबाईंवर पाळत ठेवली. पाळतीचा पहिला नियम असा की आपण दिसता कामा नये. म्हणून मी काळा चष्मा लावला, गळ्याभोवती मफलर गुंडाळलं आणि वर्तमानपत्राला दोन भोकं पाडून ते तोंडासमोर धरलं. भाजीबाजारात त्या वांग्यांपाशी थांबल्या. मी मिरच्यांपाशी थांबलो. त्या कांद्यांकडे गेल्या. मी लसणाकडे गेलो. मग त्या थेट माझ्याकडे आल्या.

“रुपरावभाऊ, तो पेपर ठेवा बाजूले अन् हे थैली धरा. पाच किलो कांदे हायेत.”

“तुम्ही मला ओळखलं कसं?”

“या उन्हात मफलर कोण घालते बापा, तुमच्याशिवाय?”

अशा रीतीने संशयिताच्या घरात मी बिनबोभाट प्रवेश मिळवला. खांदा दोन दिवस दुखत होता, पण स्वयंपाकघराची पाहणी झाली. झरोका होता. पलीकडून पाट दिसत होता. खिळ्यांची टोकं या बाजूला आली होती आणि रुख्मिणीबाईंनी त्यातल्या एकाला चिमटा अडकवला होता.

“तुम्ही शोभाताईंचं नाव का कापलं?” मी अचानक विचारलं. अचानक विचारलं की माणूस खरं बोलतो.

“मी काहून कापीन?” त्यांनी कांदे ओतले. “त्या बुधवारी माझं नाव घेतलं अन् तो माणूस थांबला. मले वाटलं खाकरून राहिला असंल, आता घेईल. त्यानं गाणंच लावलं. मी तशीच उठली, शोभीले विचाराले झरोक्यापाशी गेली. म्हटलं, काय झालं वं? तं ती म्हणते, तुले माहीत. दुसऱ्या बुधवारी पाट लागला.” त्यांनी घरंगळलेला एक कांदा उचलला. मग म्हणाल्या, “मागच्या साली ती टायफॉइडनं पंधरा दिवस दवाखान्यात होती. तिच्या घरच्या भाकरी मीच थापल्या. विचारा तिले.”

मी वहीत लिहिलं: ‘भाकरी थापल्याची कबुली.’

आता उरले संघाचे अध्यक्ष. त्यांचं नाव मनोहरराव निनावे, गोळीबार चौकात सायकलदुरुस्तीचं दुकान. मी रात्रभर त्या आडनावाचा विचार केला होता. बारा माणसांची नावं ज्याच्या हातात, त्याचंच आडनाव निनावे! आयुष्यभर जो माणूस निनावे म्हणून जगला, त्याला दुसऱ्याचं नाव कसं बघवेल? मी हे सुभद्रेला सांगितलं.

“मग तुमच्या आडनावावरून लोकायनं काय समजावं?” तिने विचारलं.

मी बोकडे या आडनावाचा विचार केला आणि तो विषय तिथेच थांबवला.

मनोहरराव चाकाचे आरे नीट करत होते. “काय गा रुपराव, हवा भराची हाय का?”

“मला सत्य हवं आहे,” मी म्हणालो.

“पंप तिकडे हाय,” ते म्हणाले. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

दुसऱ्या कानाशी जाऊन मी सगळं सांगितलं. ते एकदम तापले. “मी नाव कापीन? चार वर्षं झाले, एक शनिवार खाली गेला नाही! कार्ड पदरचं, पेन पदरचं. नवा शिक्का बी माझ्याच खिशातून करून आणला, याच महिन्यात! हे पाह्य, या हप्त्याचं कार्ड. आत्ताच लिवलं.”

त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं आणि एका गिऱ्हाइकाचं पंक्चर बघायला गेले. मी भिंग काढलं. भिंगाला मधोमध चीर आहे, त्यामुळे प्रत्येक पुरावा मला दोनदा तपासता येतो. वर ‘माननीय महोदय’, मग गाण्याची फर्माइश, मग एकाखाली एक नावं. अक्षर वळणदार. तळाशी संघाचा शिक्का, बंद्या रुपयाएवढा, गडद जांभळा, मधे सायकलीचं चाक. शिक्का अस्सल असल्याची मी नोंद केली. मग नावं मोजली. अकरा भरली. पुन्हा मोजली. अकराच.

“बारावं कुठं आहे?” मी ओरडलो.

“लिवलं हाय ना बापा, सगळ्यात खाली!” ते चाकातून मान न काढता ओरडले.

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. एखादा माणूस खरं बोलतो की नाही, हे मी पोत्यासारखं बाहेरून ओळखतो. म्हणजे नाव लिहिलं होतं. पण दिसत नव्हतं. जे लिहिलेलं आहे आणि दिसत नाही, त्याला शास्त्रात एकच नाव आहे: अदृश्य शाई.

अदृश्य शाई ऊब दिली की उमटते. दुकानात रबर चिकटवायची शेगडी होतीच. मी कार्ड तिच्यावर धरलं. पहिल्यांदा कार्ड पिवळं पडलं. मग तपकिरी झालं. नाव आता उमटणार, असं वाटत असतानाच ते पेटलं. मी फुंकर मारली. त्यामुळे ते अधिक पेटलं. शेवटी मी ते पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात टाकलं, आणि तेवढ्यात मनोहरराव वळले.

पुढचं संभाषण तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचं नाही. मला त्या दुकानात पुन्हा हवा भरता येणार नाही, एवढं त्याचं सार होतं. दुपारच्या टपालाच्या आत त्यांना सगळं कार्ड पुन्हा लिहावं लागणार होतं.

मी चौकातल्या पिंपळाखाली बसून विचार केला. शेजारीण निर्दोष. अध्यक्ष निर्दोष. पोस्टमन नत्थूजींवर मी अर्धा तास संशय घेतला, पण ते कार्ड वाचतच नाहीत. त्यांनीच मला मागे सांगितलं होतं की चष्म्याचा नंबर वाढल्यापासून ते फक्त पत्ते वाचतात. तेव्हा उरलं कोण? ज्या व्यक्तीवर कोणाचाच संशय जाणार नाही ती. खुद्द अशील! शोभाताईंनीच सहानुभूतीसाठी आपलं नाव गायब केलं होतं. कसं केलं, हा किरकोळ प्रश्न होता.

मी आरोप करायला त्यांच्या घरी पोचलो. शोभाताई अंगणात भांडी घासत होत्या. मी घसा साफ केला. तोंड उघडणार, तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून रडण्याचा आवाज आला.

“अवं माये शोभे वं! मले न सांगता कशी गेली वं!”

एक साठीची बाई, डोक्यावर बोचकं, अनवाणी, ऊर बडवत येत होती. दारोदारच्या बायका बाहेर आल्या. रुख्मिणीबाई पाण्याचा गडवा घेऊन धावल्या. ती बाई अंगणात शिरली आणि तिला राखेने हात भरलेल्या शोभाताई दिसल्या.

रडणं थांबलं. बोचकं खाली पडलं.

“तू जिती हायेस?” बाईने विचारलं.

“अंजनाबाई!” शोभाताई म्हणाल्या. ही त्यांची थोरली बहीण, पवनीला दिलेली. आईविना वाढलेल्या शोभाताईंना हिनेच वाढवलं होतं.

अंजनाबाई ओट्यावर बसली. रुख्मिणीबाईंनी दिलेला गडवा तिने रिकामा केला. “आमच्या चक्कीवर रेडिओ हाय,” ती म्हणाली. “दर बुधवारी मी दळण घेऊन जातो. दळण नसलं तरी जातो. तुहं नाव ऐकतो अन् घरी येतो. म्हणतो, चला, शोभी बरी हाय. पहिल्या बुधवारी म्हटलं विसरले असंल. दुसऱ्या बुधवारी म्हटलं आजारी असंल. तिसऱ्या बुधवारी मी लेकाले म्हटलं, मले नागपूरच्या गाडीत बसवून दे.”

“पत्र टाकायचं होतं,” मी सुचवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. “मले लिहिता येत नाही, बापू. दुसऱ्याच्या हातानं बहिणीले काय लिहू? जिती हाय का म्हून?”

मग रुख्मिणीबाई न राहवून म्हणाल्या, “अन् मागच्या साली ती पंधरा दिवस टायफॉइडनं पडली होती, तवा काहून नाही आल्या, बाई?”

“कोणता टायफॉइड?” अंजनाबाईने विचारलं. “कोण पडलं होतं? तिचं नाव तं दर बुधवारी येत होतं! मी तं त्या दिसांत चक्कीवर साखर वाटली होती, का शोभीचं नाव लय खणखणीत घेतलं म्हून.”

शोभाताई खाली बघत हातावरची राख चोळत राहिल्या.

तेवढ्यात मनोहरराव सायकलवरून उतरले. ते नवं कार्ड घेऊन आले होते. मी चौकात त्यांची बदनामी करतो असं त्यांना कळलं होतं, आणि टपालात टाकण्याआधी साऱ्या मोहल्ल्याला कार्ड दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं. टायफॉइडचा विषय त्यांच्या कानी पडला.

“मी नाव लिहाच्या आधी कोणाची नाडी नाही पाहत, माय,” ते म्हणाले. “बारा ठरलेले हायेत, बारा लिवतो. हे पाहा. हाय का नाही नाव?”

त्यांनी कार्ड समोर धरलं. आम्ही सगळे वाकलो. सगळ्यांनी वाचलं. सगळे वाचत वाचत रुख्मिणी धकातेपर्यंत आले आणि थांबले.

कार्ड फिरत फिरत अंजनाबाईच्या हातात गेलं. तिने ते आडवं धरलं, मग उलटं धरलं, मग डोळ्यांपासून लांब नेलं.

“हे चाक कायचं काढलं?”

“शिक्का हाय, माय. संघाचा.”

“अन् चाकाच्या पोटात या रेघा कायच्या हायेत?”

“कोणत्या रेघा?”

“या काय. वरच्या लिवण्यावाणीच हायेत. तुमी त्यायच्यावर चाक फिरवलं.”

मनोहररावांनी कार्ड उन्हात धरलं. गडद जांभळ्या चाकाच्या आऱ्यांमध्ये, नीट पाहिलं तर, ‘शोभा पराते’ ही अक्षरं होती. जुना शिक्का चवलीच्या नाण्याएवढा होता. नवा त्यांनी ऐटीत मोठा करून घेतला, आणि तीन शनिवार शेवटच्या नावावर स्वतःच्या हाताने, चांगला दाबून, मारला. लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलंय हे माहीत असल्यामुळे त्यांनी कधी बघितलंच नाही, आणि रेडिओवाल्यांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी वाचलं.

मी तत्काळ जाहीर केलं की गुन्हेगार रबराचा आहे.

माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शोभाताई रुख्मिणीबाईंकडे बघत होत्या आणि रुख्मिणीबाई रिकाम्या गडव्याकडे.

“खिळे लय खोल गेले का वं?” शोभाताईंनी विचारलं.

“एकाले मी चिमटा अडकवला,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “बाकी काढ.”

खिळे मी काढले. संडशीने. प्रकरणातलं हे माझं शेवटचं शारीरिक योगदान. अंगठ्याला पट्टी सुभद्रेने बांधली आणि बांधताना ती एक शब्दही बोलली नाही, यातच माझ्या कामगिरीची पावती आली.

मनोहररावांनी कार्ड तिसऱ्यांदा, बारीक अक्षरात लिहिलं आणि शिक्का नावांच्या खाली मारून टपालात टाकलं. बुधवारी आम्ही सगळे शोभाताईंच्या घरी जमलो. अंजनाबाई अजून होती. कार्यक्रम लागला. नावं सुरू झाली. नऊ, दहा, रुख्मिणी धकाते, “...आणि शोभा पराते!” बायकांनी टाळ्या वाजवल्या. मनोहररावांनी मिशीवर हात फिरवला. अंजनाबाईने टाळी वाजवली नाही. ती शोभाताईंच्या पायाकडे बघत होती; आजारपणानंतर त्या जरा लंगडतात, हे तिने एव्हाना पाहिलं होतं.

“अध्यक्षसाहेब,” ती म्हणाली, “मायं बी नाव टाका त्या कार्डावर.”

“तुमी तं पवनीच्या, माय. अन् जागा कुठी हाय?”

“तो शिक्का नका मारू. तिथी जागा हाय. चार वर्षं मी इचं नाव ऐकलं. माह्या नावाची इले कधी खबर भेटली? मी उद्या गाडीनं चालली.”

इथे गुप्तहेर म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देणं माझं कर्तव्य होतं. “पण बाई,” मी म्हणालो, “मनोहरराव दर शनिवारी तेच लिहिणार. तिकडे पवनीत तुमचं काही बरंवाईट झालं, तरी इथे नाव येतच राहील.”

सुभद्रेने मला कोपर मारलं. पण अंजनाबाई रागावली नाही.

“येऊ द्या ना, बापू,” ती म्हणाली. “तेवढेच चार दिस इले बरं वाटंल.”

रेडिओवर गाणं संपत आलं होतं. मनोहररावांनी खिशातून कोरं कार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं, आणि पेनचं टोपण काढून विचारलं, “पुरं नाव सांगा.”

ते शोभाताईंनी सांगितलं. आणि मनोहररावांची शेवटची वेलांटी पुरी होईपर्यंत त्यांनी कार्डावरून नजर हलवली नाही.